उलटा टांगलेला राऊटर

सुतारकामाचा राऊटर हातात धरून चालवायचा म्हणजे सगळी भिस्त हातावर. लाकूड शिकंज्यात आवळलेलं असतं आणि मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारं बिट आपण त्याच्या कडेनं चालवत असतो. कपाटाच्या दाराएवढी फळी असली तर चिंता नसते, राऊटरचा तळ तिच्यावर नीट बसतो. पण फोटोफ्रेमसाठी काढलेली इंच-दीड इंच रुंदीची पट्टी घ्या. राऊटरचा तळ तिच्यापेक्षा मोठा, त्यामुळे तो निम्मा हवेत. जरासा तोल गेला की गोलाईच्या जागी खड्डा पडतो. पट्टी शिकंज्यात धरावी तर शिकंजाच वाटेत येतो. अशा कामाला एकच उपाय आहे: हत्यार जागेवर ठेवायचं आणि लाकूड चालवायचं. राऊटर टेबलाखाली उलटा टांगायचा, बिट भोकातून वर काढायचं, मागे एक सरळ पट्टी उभी करायची. एवढ्याला राऊटर टेबल म्हणतात.

पूर्वी सुताराच्या पेटीत प्रत्येक आकाराचा रंधा वेगळा असे. गोला काढायचा एक, गलता काढायचा दुसरा, चौकटीला पताम मारायचा तिसरा, झिरी पाडायचा चौथा. विजेच्या राऊटरनं ही सगळी पेटी एका मोटरवर आणली. रंधा बदलायचा नाही, बिट बदलायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे आर. एल. कार्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हातात धरून चालवायचं असं यंत्र बनवायला घेतलं, आणि १९२९ साली स्टॅन्ले कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला. फर्निचरच्या कारखान्यांत याचा थोरला भाऊ असतोच, स्पिंडल मोल्डर: ओतीव लोखंडाचं जड टेबल, मधून वर आलेला दांडा, दांड्यावर पाती. राऊटर टेबल ही त्याचीच घरगुती, हलकी आवृत्ती. अमेरिकन टीव्हीवर १९८९ साली ‘द न्यू यांकी वर्कशॉप’ सुरू झालं आणि नॉर्म अब्राम यांच्या त्या कार्यक्रमानं हौशी सुतारांना कपाट-ड्रॉवरवाल्या राऊटर टेबलाची चटक लावली. टेबल सुंदरच होतं. पण ते बघून पुष्कळांची अशी समजूत झाली, की राऊटर टेबल बांधणं हे मोठं फर्निचरचं काम आहे. ते तसं नाही. ड्रॉवरनं खोबण सरळ येत नाही.

या यंत्रात अचूक असाव्या लागतात अशा जागा फार थोड्या आहेत. बिटाच्या आजूबाजूचा वीतभर भाग सपाट हवा. मागच्या आडपट्टीचा चेहरा सरळ आणि टेबलाशी काटकोनात हवा. आणि एकदा आवळलं की काहीही हलता कामा नये. बाकी टेबल किती लांब, पाय लाकडाचे की लोखंडाचे, रंग कुठला, हा ज्याच्या-त्याच्या हौसेचा आणि जागेचा प्रश्न. म्हणूनच घरी बांधलेलं टेबल विकतच्या टेबलाच्या तोडीस तोड चालू शकतं, आणि वेळ घालवायचा तर तो याच तीन गोष्टींवर घालवावा.

आधी राऊटरचं बोलू. आपल्याकडे मिस्त्री सनमायकाच्या कडा छाटायला वापरतात तो ट्रिमर नवशिक्याला पुरतो. पाचशे-सातशे वॅटची मोटर, वजन दीड किलोच्या आसपास, वेग साधारण तीस हजार फेरे. त्याच्यावर गोलाई, ड्रॉवरच्या तळाची खोबण, फ्रेमला काच बसवायचं पताम ही कामं आरामात होतात, फक्त एका दमात जास्त लाकूड काढायला जायचं नाही. प्रत्येक खेपेला एक सूतभर, म्हणजे तीन मिलिमीटर, फार तर फार. चार सुती दांडीचं बिट घेणारा मोठा राऊटर दीड हजार वॅटच्या पुढचा असतो आणि वजनाला चार-पाच किलोच्या घरात जातो. तो टांगायचा तर टेबलही तसंच भक्कम लागतं.

बिट घेताना एका बारीक गोष्टीवर नजर ठेवावी. बाजारात सहा मिलिमीटर दांडीची बिटंही मिळतात आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर दांडीचीही. दुकानदार दोन्हींना ‘दोन सूत’ म्हणून मोकळा होतो. पाव इंची कोलेटात, म्हणजे दांडी आवळून धरणाऱ्या नळीत, सहा मिलिमीटरची दांडी जाते, आवळल्यासारखीही वाटते, पण भार पडला की सरकते. हातातल्या राऊटरमध्ये ते वाईट. टेबलात तर बिटाची धार आपल्या बोटांच्या बाजूला असते. दांडी आणि कोलेट एकाच मापाचे आहेत याची खात्री झाल्याशिवाय बिट लावूच नये. लावताना दांडी तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढावी आणि त्यानंतर पाना फिरवावा. दांडी तळाला टेकलेली असली तर कोलेट पुरतं आवळलं जात नाही.

आता टेबलाचा वरचा भाग. अठरा मिलिमीटरचा प्लाय घ्यावा; घरात किचनचं काम झालेलं असेल तर उरलेला तुकडा पडलेलाच असतो. दोन फूट बाय दीड फूट पुष्कळ झालं. मोठा राऊटर टांगणार असाल तर असे दोन तुकडे फेविकॉलनं एकमेकांवर चिकटवावेत आणि सुकताना वर भरपूर वजन ठेवावं. वरच्या बाजूला सनमायका हवा, कारण लाकूड त्याच्यावरून विनासायास सरकतं. पण खालच्या बाजूलाही लावा, तिथे मग स्वस्तातला लायनर चालेल. एकाच बाजूला सनमायका लावलेला प्लाय हवेतली ओल उघड्या बाजूनं पितो, झाकलेल्या बाजूनं पीत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पापडासारखा वाकतो. एमडीएफ मुळात प्लायपेक्षा सपाट असतो, हे खरं. पण त्यात दोन उणिवा आहेत: ओल लागली की कडा फुगतात, आणि मधोमध चार किलोची मोटर महिनोन्‌महिने लटकत राहिली की तो हळूहळू झोळ धरतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

राऊटर थेट प्लायला खालून का लावायचा नाही, हा प्रश्न पडतोच. ट्रिमरचं बिट तळाच्या बाहेर वीस-पंचवीस मिलिमीटर येतं. त्यातले अठरा प्लायनं खाल्ले तर कामाला काय उरलं? म्हणून मध्ये पातळ पण कडक प्लेट बसवायची. सहा मिलिमीटरचा ॲक्रिलिक सगळीकडे मिळतो, पण थरथरीनं स्क्रूच्या भोकापाशी त्याला तडे जातात. ॲल्युमिनियम उत्तम, फक्त कापायला वेळ लागतो. घरच्या कामाला मला सगळ्यात पटते ती हायलम शीट. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारे वापरतात ती ही तपकिरी शीट. कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेली. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीकडे पॅनेलचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करावी. सहा मिलिमीटर जाडीचा आठ इंची चौकोन ट्रिमरला पुरतो, मोठ्या राऊटरला बारा बाय नऊ इंच घ्यावा. कानशीनं कडा साफ होतात आणि भोकं साध्या ड्रिलनं पडतात.

प्लेटवर भोकं मारायला मोजमाप घेत बसू नका. राऊटरच्या तळाला प्लास्टिकची काळी चकती असते. तिचे स्क्रू काढून ती चकती दुहेरी टेपनं प्लेटवर मधोमध चिकटवायची आणि तिच्याच भोकांतून ड्रिल उतरवायचं. भोकं आपोआप जुळतात. स्क्रू मात्र त्याच जाडीचे पण जास्त लांब घ्यावे लागतात, आणि त्यांची डोकी प्लेटच्या आत बुडतील असा खोलगट खड्डा करावा लागतो. एक डोकं जरी केसभर वर राहिलं तरी पट्टी तिथे अडते.

सगळ्या कामात नाजूक कुठलं असेल तर ही प्लेट टेबलात बसवणं. टेबल बांधायचं काम इथे राऊटरच करतो. प्लेट टेबलावर हवी तिथे ठेवायची, मध्यापासून थोडी मागे, म्हणजे पुढे लाकूड टेकायला जास्त जागा राहते. तिच्या चारही कडांना घट्ट भिडवून सरळ कडांच्या चार पट्ट्या चिकटवायच्या आणि प्लेट अलगद उचलायची. आता जी चौकट उरली तिच्या आतल्या कडेला बेअरिंग टेकवून, दांडीकडे बेअरिंग असलेलं बिट फिरवायचं आणि प्लेटच्या जाडीहून कणभर जास्त खोल खड्डा करायचा. बिट गोल असल्यामुळे खड्ड्याचे कोपरेही गोल येतात. प्लेटचे कोपरे कानशीनं तसेच गोल करावेत. मग कडेनं बारा मिलिमीटरची पायरी सोडून आतला भाग जिगसॉनं आरपार कापायचा. प्लेट त्या पायरीवर बसते.

खड्डा कणभर जास्त खोल केला तो मुद्दाम. पायरीच्या चार कोपऱ्यांत चार छोटे स्क्रू डोकी वर ठेवून पिळायचे, म्हणजे प्लेट पायरीवर न बसता या चार डोक्यांवर बसेल. एक स्क्रू पाव फेरा बाहेर आला की तेवढा कोपरा उचलला जातो. स्टीलची फूटपट्टी टेबल आणि प्लेट यांच्यावर आडवी ठेवून पलीकडे बॅटरी धरा. पट्टीखालून उजेड दिसला तिथे तफावत आहे. शेवटचा निकाल मात्र नखाचा. टेबलावरून प्लेटवर आणि प्लेटवरून टेबलावर नख ओढून बघायचं. ते अडखळलं तर लाकूडही अडखळणार. चारही कडांना, दोन्ही दिशांनी नख बिनआवाज गेलं की प्लेट दोन कोपऱ्यांत वरून आवळून टाकावी. या कामाला एक अख्खी संध्याकाळ गेली तर जाऊ द्यावी.

आडपट्टीच्या बाबतीत बहुतेक जण उगाच घाम गाळतात. टेबल-करवतीची आडपट्टी पात्याला समांतर असावी लागते, नाहीतर लाकूड पात्यात अडकतं. ती भीती मनात धरून लोक राऊटर टेबललाही दोन्ही बाजूंनी रूळ, मोजपट्ट्या, समांतर सरकणाऱ्या यंत्रणा लावत बसतात. पण राऊटरचं बिट गोल आहे. त्याला तोंड नाही, पाठ नाही. बिटाच्या मध्यापासून आडपट्टी किती दूर आहे एवढंच कामाला येतं. ती टेबलाच्या कडेला तिरकी असली तरी लाकडाला पत्ता लागत नाही. म्हणून आडपट्टीचं एक टोक टेबलात एका बोल्टवर खिळवून टाकावं आणि दुसरं टोक सी-क्लॅम्पनं आवळावं. संपलं काम. वर यात एक फायदा पदरात पडतो. बिट जर बोल्ट आणि मोकळं टोक यांच्या बरोबर मध्ये असेल, तर टोक एक मिलिमीटर सरकवलं की बिटापाशी अंतर अर्धाच मिलिमीटर बदलतं. टोकाजवळ पेन्सिलीनं रेघ ओढून हलक्या हातानं हातोडीची टिचकी मारा. इतकं बारीक समायोजन महागड्या यंत्रणेत स्क्रू फिरवून मिळतं.

पट्टी स्वतः सरळ हवी, यात तडजोड नाही. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे दोन-अडीच फुटांचे तुकडे भंगारात पडलेले असतात. तसा एक आणून त्याला पुढून अठरा मिलिमीटर प्लायचा चेहरा स्क्रूनं लावला की झालं. चेहऱ्यात मध्यभागी बिट शिरेल एवढी खाच, तिच्या मागे व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसेल असं भोक. गुण्या लावून चेहरा टेबलाशी काटकोनात आहे का पाहा. नसेल तर प्लाय आणि नळीच्या मध्ये कागदाच्या घड्या सारून तो आणता येतो. विकतच्या टेबलांना पुढे मायटर गेजसाठी, म्हणजे लाकूड कोनात धरून सरकवायच्या साधनासाठी, एक लांब खाच असते. ती मी गाळायला सांगेन. ती आडपट्टीला समांतर ठेवावी लागते, म्हणजे नुकतीच टाळलेली डोकेदुखी परत आली, आणि खाच पाडल्यानं टेबल तेवढं कमजोर होतं. अरुंद पट्टीचं टोक कापायचं असलं तर एक काटकोनी ठोकळा घ्या, पट्टी त्याला टेकवा आणि दोन्ही आडपट्टीला घासत पुढे ढकला. ठोकळा मागून आधार देतो, त्यामुळे शेवटी लाकूड फाटतही नाही.

लाकूड कुठल्या बाजूनं घालायचं याचा नियम एका वाक्याचा आहे, पण तो कशामुळे हे कळलं तर विसरायला होत नाही. हातातला राऊटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तो उलटा टांगला की वरून पाहणाऱ्याला तो काट्यांच्या उलट फिरताना दिसतो. म्हणजे आपल्याकडच्या बाजूला बिटाची धार डावीकडून उजवीकडे जाते. लाकूड तिला सामोरं गेलं पाहिजे, म्हणून ते उजवीकडून डावीकडे ढकलायचं. असं केलं की बिट लाकडाला अडवतं आणि आडपट्टीकडे दाबूनही धरतं. डावीकडून घातलं तर बिट तेच लाकूड ओढून घेतं आणि बोटं त्याच्या मागोमाग जातात.

या नियमात एक चोरवाट आहे. सहा मिलिमीटरच्या बिटानं आठ मिलिमीटरची खोबण करायची, म्हणजे दोन खेपा. पहिल्या खेपेनंतर आडपट्टी पुढे घेतली तर दुसऱ्या खेपेत बिट खोबणीची आडपट्टीकडची भिंत खातं. त्या बाजूला धार लाकडाच्याच दिशेनं चाललेली असते, त्यामुळे उजवीकडून घातलेलं लाकूडसुद्धा निसटून पळतं. म्हणून पहिली खेप आडपट्टीजवळची घ्यावी आणि रुंदी वाढवताना आडपट्टी मागे सरकवावी. तसंच कडेची गोलाई मारताना पट्टी बिट आणि आडपट्टी यांच्या फटीत कधीही घालू नये. तिथून ती समोरच्या भिंतीपर्यंत जाते.

वेगाचा हिशेबही एकदा करून पाहावा. बारा मिलिमीटर व्यासाचं बिट बावीस हजार फेऱ्यांवर फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी साधारण ५० किलोमीटर भरतो. त्याच फेऱ्यांवर ५० मिलिमीटरचं बिट लावलं तर कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. मोठं बिट म्हणजे कमी फेरे, हे त्यासाठी. ट्रिमरला वेग कमी करायची सोय नसेल तर इंचापेक्षा मोठं बिट त्याला लावूच नये.

स्विचची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. टेबलाखालच्या राऊटरचा स्विच हाताला येत नाही, म्हणून लोक तो कायमचा चालू ठेवून भिंतीवरच्या बटणानं काम करतात. मग लाइट जाते. आपण चहा प्यायला उठतो, बटण तसंच राहतं. परत आल्यावर बिट बदलायला हात खाली घालावा आणि नेमकी तेव्हाच लाइट यावी, हे आपल्याकडे अशक्य नाही. यावर उपाय शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये आहे. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल संपर्क धरून ठेवते, वीज गेली की सोडते, आणि वीज आली तरी पुन्हा हिरवं दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. रात्री वीज येईल तेव्हा पाणी आपोआप सुरू व्हावं म्हणून शेतकरी त्यावर ‘ऑटो’ बसवतात. आपल्याला तो अजिबात नको. सिंगल फेजचा, मोटरच्या भाराला साजेसा असा स्टार्टर वायरमनकडून टेबलाच्या पुढच्या पायावर लावून घ्यावा, लाल बटण गुडघ्यानं दाबता येईल अशा उंचीवर. आणि बिट बदलताना तरीही प्लग काढावा.

कानाला मफ, डोळ्याला चष्मा, हातात मोजे नाहीत, गळ्यात काही लोंबतं नाही. धुळीसाठी एन-९५ मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, आणि एमडीएफ कापताना उडते ती पिठासारखी धूळ चाळणीतूनही सुटेल इतकी बारीक असते.

पायांचं फार मनावर घेऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं फूटभर उंचीचा प्लायचा खोका करून त्यावर टेबल बसवावं आणि काम असेल तेव्हा तो कुठल्याही जड टेबलाला क्लॅम्पनं आवळावा. आजीच्या शिलाई मशिनचं ओतीव लोखंडी स्टँड माळ्यावर असेल तर ते उतरवा. थरथर सोसायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

टेबल तयार झालं की त्याच्यावरून एक काम आवर्जून करून पाहावं. आडपट्टीच्या चेहऱ्याचे दोन भाग करा, बिटाच्या उजवीकडचा आणि डावीकडचा. डावीकडच्या भागाच्या मागे एक मिलिमीटर सनमायकाची कपची सारा, म्हणजे तो चेहरा उजव्यापेक्षा तेवढा पुढे येईल. सरळ बिट लावून आडपट्टी अशी ठेवा, की डावा चेहरा बिटाच्या धारेच्या बरोबर रेषेत असेल. बिट हातानं फिरवून आणि पट्टी टेकवून हे जमवता येतं. आता वाकडी कड असलेली सागवानी फळी उजवीकडून घाला. उजव्या चेहऱ्यावर तिची खडबडीत कड टेकते, बिट एक मिलिमीटर काढतं, आणि नवी कड डाव्या चेहऱ्यावर नेमकी टेकून पुढे जाते. दोन-तीन खेपांनंतर अशा दोन फळ्या एकमेकींना लावल्या तर मधून उजेड दिसत नाही. लांब रंध्यानं ही कड साधायला मिस्त्रीला वर्षं लागतात. सागवानात सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर मरते. टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेलंच बिट इथे घ्यावं, आणि कडेवर काळपट करपल्याचा डाग दिसू लागला तर ढकलण्याचा वेग वाढवून पाहावा. तरीही डाग राहिला तर धार गेली आहे, बिट धार लावायला द्यावं.